पळसदेवचा चिखल आणि स्याद्वाद

सायकलवाल्यांत पंथ आहेत. त्यांच्यातला सगळ्यात कडवा वाद चालतो तो चेनला काय घालावं यावर. एक पंथ घट्ट, चिकट तेलाचा. दुसरा मेणाचा, त्याचे अनुयायी चेन उतरवून वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवतात आणि तेलवाल्यांच्या काळ्या पोटऱ्यांकडे पाहून हळहळतात. तिसरा पंथ शिलाई मशीनच्या तेलाच्या छोट्या बाटलीवर जन्म काढलेल्यांचा. शिवाय गॅरेजातलं जळकं इंजिन ऑइल डब्यातून आणून चेनवर ओतणारे आहेतच, आणि त्यांची संख्या बाकी सगळ्यांहून मोठी असावी. प्रत्येकाकडे अनुभव असतो, आणि बहुतेकांचा तो खराही असतो. पंचाईत तिथेच आहे. एकमेकांविरुद्ध बोलणारे दोघेही खरं बोलत असतील, तर ‘उत्तम वंगण कोणतं?’ या प्रश्नाला उत्तर तरी आहे का?

हा प्रश्न तपासायला पळसदेवसारखं गाव नाही.

पुणे-सोलापूर महामार्गावर पुण्यापासून सुमारे 120 किलोमीटरवर, इंदापूर तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याला लागून हे गाव आहे. म्हणजे आत्ताचं गाव. जुनं पळसदेव भीमेकाठी होतं. 1980 च्या सुमारास उजनी धरण पूर्ण होऊन पाणी साठलं आणि ते त्याखाली गेलं. गाव वर सरकलं, पळसनाथाचं नवं देऊळ उभं राहिलं. जुनं दगडी देऊळ मात्र होतं तिथेच आहे. एरवी ते पाण्याने वेढलेलं किंवा पाण्यात बुडालेलं असतं. धरण खोल उतरलं की उघडं पडतं, मग पुण्याहून, बारामतीहून माणसं ते बघायला येतात. उजनीचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, त्यातला 63.66 टीएमसी मृत साठा. पाणी त्याच्याही खाली गेलं की वर्तमानपत्रं धरण ‘उणे’ झाल्याचं छापतात. उणे पातळीच्या धरणातही होड्या चालतात आणि मासे सापडतात, ही गोष्ट परगावच्या माणसाला समजावून सांगावी लागते. शून्य कुठे धरलं यावर सगळं अवलंबून.

उन्हाळ्यात या देवळाकडे सायकल घेऊन निघालेल्या माणसाला काय लागतं? धरणाचा उघडा पडलेला तळ म्हणजे वाळलेला गाळ. वरून भेगाळलेला, चाकाखाली आला की पिठासारखा उडणारा. तो चेनवर बसतो. चेन तेलकट असेल तर नुसता बसत नाही, मुक्कामालाच येतो. ऑगस्टमध्ये याच वाटेवर काय होतं? इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात परतीच्या वाटेवर पडणारा. पण उजनी भरते ती मावळात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाने. त्यामुळे पळसदेवच्या काठाला आभाळ कोरडं असतानाही चिखल होऊ शकतो. पाऊस लोणावळ्याला, चिखल इंदापूरला.

तो चिखलही साधा नाही. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि जे सापडेल त्याला धरून बसते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये तिचा थर चढत जातो, शेवटी चाक फिरायचं थांबतं आणि सायकलस्वार खांद्यावर सायकल घेऊन बांधावरून चालू लागतो. मुरमाच्या रस्त्यावर आलं की त्याच ओल्या मातीत खर मिसळते, आणि चेनच्या दृष्टीने खर मातीपेक्षा वाईट. त्यात बारामती-इंदापूरच्या कालव्याखालच्या पट्ट्यात जागोजाग क्षारपड जमिनी आहेत. कडेला पांढरं फुललेलं चोपण रान सहज दिसतं. तिथलं खारट पाणी चेनवर राहिलं, तर गंज एरवीपेक्षा लवकर धरतो.

चेन हातात घेऊन एक सांधा नीट पाहिला की वादाचं मूळ दिसतं. मँचेस्टरला कारखाना काढलेल्या हान्स रेनॉल्ड या स्विस माणसाने 1880 मध्ये जिचं पेटंट घेतलं, तीच ही रोलर चेन. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. दोन बाहेरच्या पट्ट्या, दोन आतल्या, मध्ये एक पिन, पिनभोवती बुश, बुशभोवती फिरणारा रोलर. एका सांध्यापासून पुढच्या सांध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. एका चेनमध्ये असे शंभराहून अधिक सांधे. बोटाला लागतं ते बाहेरचं तेल. काम करतं ते आतलं, पिन आणि बुश यांच्यामधल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीतलं. बाहेरच्या तेलाने गंज थोडा आवरतो, बाकी ते धूळ गोळा करतं. ती धूळ तेलाबरोबर आत शिरली की फटीत काळी लापशी तयार होते आणि दर फेऱ्याला पिन घासू लागते. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो. लोखंड ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक सांध्यात केसाच्या जाडीएवढी झीज झाली, की सगळी चेन अर्ध्या टक्क्याने लांब भरते.

आता दोन मुख्य पंथांचं म्हणणं ऐकावं. ओल्यासाठीचं तेल जाड असतं, पाण्याने सहजी धुऊन जात नाही, दिवसभराच्या पावसातही सांध्यात टिकतं. पण धरून ठेवायचा त्याचा गुण पाण्यापुरता थांबत नाही, ते धूळही धरून ठेवतं. कोरड्यासाठीचं वंगण मेणाचं किंवा तत्सम पदार्थाचं असतं. पातळ द्रवातून ते आत जातं, द्रव उडून जातो, मागे कोरडा पापुद्रा राहतो. त्यावर धूळ फारशी बसत नाही, पण पावसात ते टिकतही नाही. आधी चेन कुरकुरते, आणि ती तशीच ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी तांबूस दिसते. एकाचा गुण तोच त्याचा दोष आणि दुसऱ्याचा दोष तोच त्याचा गुण.

या वादात प्रयोगशाळेनेही एकदा तोंड घातलं आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांच्या गटाने 1999 मध्ये चेनची कार्यक्षमता मोजली, घर्षणातून निघणारी उष्णता इन्फ्रारेड कॅमेऱ्याने टिपली. सगळं जमून आलं तेव्हा पायाने दिलेल्या ताकदीतली 98.6 टक्क्यांपर्यंत मागच्या चाकाला पोचत होती. चेनवरचा ताण आणि दातेरी चाकांचा आकार यांनी फरक पडत होता. वंगण बदलून म्हणावा असा फरक पडला नाही.

हे वाचून कुणी बाटली फेकून देईल. पण त्या प्रयोगशाळेत चिखल नव्हता. पावसाळा नव्हता, दुसरा दिवसही नव्हता. मापन चोख होतं. फक्त ते अशा जागेचं होतं जिथे कुणी सायकल चालवत नाही. स्पायसर यांच्या आकड्यांतून एक गोष्ट मात्र नीट कळते: वंगणाचं पहिलं काम वेग वाढवणं नव्हे. माती आणि पाणी आत येऊ न देणं आणि सांधा झिजू न देणं, यासाठी ते असतं. मातीच नसेल तर परीक्षा कशाची घ्यायची?

इथे जैन नैयायिकांची आठवण व्हावी, आणि ती इंदापूर तालुक्यात व्हावी हे सयुक्तिकही आहे. याच तालुक्यात कळंबजवळ वालचंद हिराचंद यांनी साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर वसवलं. वालचंद शेठ सोलापूरचे, दिगंबर जैन घराण्यातले. त्यांच्या नावाच्या कंपनीत पुढे साखर कारखान्यांची यंत्रं, मोठाले गिअरबॉक्स, अवकाशयानांच्या अग्निबाणांची कवचं तयार झाली. दातेरी चाकांना आणि वंगणाला तालुका अपरिचित नाही. एकाच वस्तूला अनेक बाजू असतात असं मानणारा जैनांचा अनेकान्तवादही त्याला परका नसावा.

तेराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली जात होती त्याच सुमारास, मल्लिषेण नावाच्या जैन आचार्यांनी ‘स्याद्वादमंजरी’ लिहिली. वस्तूबद्दल काही म्हणायचं तर चार गोष्टी सांगूनच म्हणावं, असं त्यात समजावलं आहे: द्रव्य, क्षेत्र, काळ आणि भाव. त्यांचं उदाहरण मडक्याचं. मडकं मातीचं म्हणून आहे, पाण्याचं म्हणून नाही. पाटलिपुत्राचं म्हणून आहे, कान्यकुब्जाचं म्हणून नाही. शिशिरातलं म्हणून आहे, वसंतातलं म्हणून नाही. काळं म्हणून आहे, तांबडं म्हणून नाही. चारही सांगितल्याशिवाय ‘मडकं आहे’ हे वाक्य अपुरं. आपल्याकडे घरातली साधी पूजासुद्धा संकल्पात देश आणि काळ उच्चारल्याशिवाय सुरू होत नाही; हीच शिस्त मल्लिषेणांनी प्रत्येक विधानाला लावली.

मडक्याच्या जागी चेन ठेवावी. द्रव्य: बाटलीत काय आहे, जाड तेल की मेण. क्षेत्र: काळ्या रानातली पाऊलवाट की महामार्गाचं डांबर. काळ: वैशाख की भाद्रपद. भाव: चेन नवी आहे की झिजलेली, धुतलेली आहे की जुन्या काळ्या लापशीने भरलेली. ‘हे तेल उत्तम’ म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. चारातलं एखादंच सांगत असतो. कोरड्या वंगणाची स्तुती करणारा बहुधा कोरड्या गावचा असतो, आणि हे त्याच्या ध्यानात नसतं, कारण आपलं गाव कुणालाच ‘क्षेत्र’ वाटत नाही.

जैनांच्या या मताला मल्लिषेणांच्या आधीच मोठा विरोध झाला होता, आणि तो साध्यासुध्या माणसाचा नव्हता. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात जैनांना धरलं: एकाच वस्तूत परस्परविरुद्ध धर्म, म्हणजे गुण, एकाच वेळी कसे नांदतील? सगळंच अनिश्चित म्हणत असाल तर तुमचं हे म्हणणंही अनिश्चित. मग ऐकणाऱ्याने काय म्हणून वागावं? आक्षेप जोरकस आहे, आणि आज तर फारच कामाचा. कारण अनेकान्ताच्या नावावर जे खपतं ते बहुतेक वेळा आळसाचं तत्त्वज्ञान असतं. ‘ज्याचं त्याचं खरं’, ‘श्रद्धेचा विषय आहे’, ‘तुला पटेल ते घाल’. हे ऐकायला उदार वाटतं, पण यात समोरच्याच्या चेनची कुणाला काळजी नसते.

जैनांचं उत्तर मात्र तसं ढिलं नव्हतं. विरुद्ध धर्म एकाच अपेक्षेने, म्हणजे एकाच दृष्टीने, मानलेच नाहीत, असं ते म्हणाले. आणि अपेक्षा एकदा सांगितली की पुढचं विधान त्यांच्या सप्तभंगीत, म्हणजे विधानाच्या सात प्रकारांत, ठाम असतं. ‘आहे’ नव्हे, ‘आहेच’. द्रव्य, क्षेत्र, काळ, भाव पक्के केल्यावर मतभेदाला जागा उरते ती फार थोडी. भाद्रपदातल्या पळसदेवच्या काठाला, मुरूम आणि काळ्या मातीच्या वाटेवर, धुतलेल्या चेनला ओल्यासाठीचं जाड तेलच. मेणवाल्याचा अनुभव इथे लागू नाही. तो खोटा नाही, दुसऱ्या जागेचा आहे.

काही उत्तरं तर बहुतेक ठिकाणी चुकतात, आणि तसं सांगायला संकोच नको. खोबरेल तेल 24 अंशांच्या खाली थिजतं. इंदापुरातल्या थंडीच्या सकाळी ते चेनवर पांढरं दिसेल. शेंगदाण्याचं तेल हवेत राहून चिकट होतं, त्याचा राळेसारखा थर बसतो. डब्ल्यूडी-40 चा जन्म 1953 चा, पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. ओली चेन पुसायला ते चांगलं, पण चेनमध्ये वंगण म्हणून टिकत नाही. जळक्या इंजिन ऑइलमध्ये काजळी आणि इंजिनाच्या झिजेचा बारीक धातू असतो, म्हणजे जी लापशी बाहेर ठेवायची तीच आयती आत घातली जाते. अर्थात ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही आणि चेन गंजून किंचाळते आहे, त्याला जळकं तेलही चालेल. तिथे भाव वेगळा.

तेलाच्या निवडीपेक्षा ते घालायच्या रीतीत माणसं जास्त चुकतात. चेन आधी पुसायची, फार माखली असेल तर डिझेलने किंवा रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवायची. मग पेडल उलटं फिरवत आतल्या बाजूने एकेका रोलरवर एकेक थेंब. थोडा वेळ तशीच फिरवायची, म्हणजे तेल फटीत उतरतं. शक्य तर हे आदल्या रात्री. आणि मग, ज्याला सगळे कंटाळतात ते: फडकं घेऊन बाहेरचं तेल जवळजवळ सगळं पुसून काढायचं. घातलेलं तेल पुसायचं हे काटकसरी माणसाला पटत नाही. सर्व्हिसिंग सेंटरवर पाण्याचा जोरदार फवारा चेनवर मारून घेणं त्याला पटतं, आणि त्या फवाऱ्याने चिखल सांध्यात आणखी आत जातो.

खंडेनवमीला हीच रीत अर्धवट दिसते. विळे, कोयते, नांगर, ट्रॅक्टर, मोटरसायकली यांच्या रांगेत सायकलही धुऊन उभी असते, हँडलला झेंडूचा हार, चाकाला हळदकुंकू. हत्याराची वर्षातून एकदा तरी विचारपूस व्हावी ही कल्पना मोलाची आहे. तिथीही चपखल: परतीचा पाऊस संपत आलेला, चिखलाचा हंगाम मागे पडलेला, वर्षभराची झीज तपासायला याहून योग्य दिवस नाही. पण पूजेचं पाणी चेनवर तसंच राहतं आणि तेलाची बाटली कोनाड्यात. पूजा कुणाची, यंत्राची की यंत्र बाळगणाऱ्याच्या समाधानाची, हा प्रश्न धर्मशास्त्राला विचारायचा की सायकल दुरुस्तीच्या दुकानाला? दुकानात निदान उत्तर मिळतं. बारा इंची पट्टी चेनवर धरायची, एका पिनच्या मध्यावर शून्य. बाराव्या इंचावर पिनचा मध्य बरोबर आला तर चेन ठीक. सोळांशाने पुढे गेला तर बदलायला झाली. अष्टमांशाने गेला तर मागची दातेरी चाकंही गेली असं समजायचं. या मापाला भक्ताचा आणि नास्तिकाचा भेद माहीत नाही.

एक तक्रार इथेच नोंदवलेली बरी. जुन्या काळ्या, उंच सायकलींना पूर्ण चेनकव्हर असायचं. दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या त्या सायकलींची चेन पत्र्याच्या पेटीत बंद असे. तिथे ना चिखल पोचायचा ना धोतराचा सोगा, आणि महिनोन्‌महिने साध्या तेलावर काम भागायचं. गिअरच्या सायकली आल्या, चेन इकडून तिकडे उड्या मारू लागली, कव्हर गेलं. मग उघड्या चेनसाठी सहा प्रकारच्या बाटल्या दुकानात आल्या. क्षेत्र आपणच बदलायचं आणि मग द्रव्य शोधत हिंडायचं.

राहिला आषाढ. वारीच्या आधी पुण्याहून पंढरपूरला सायकलवाऱ्या निघतात. तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते. सायकलवाले बहुधा सरळ सोलापूर रस्ता धरतात, दोनशेहून अधिक किलोमीटर. पहाटे हडपसरला पाऊस, लोणी काळभोर, उरुळी कांचनपर्यंत भिजत जायचं. यवत ओलांडलं की आभाळ उघडू लागतं, पाटस-कुरकुंभपर्यंत रस्ता कोरडा, आणि भिगवणला ट्रकमागची धूळ. एकाच दिवसात दोन क्षेत्रं, आणि काळही दोन. या वाटेला एकच वंगण कोणतं?

सप्तभंगीत यासाठी जागा राखलेली आहे. आहे, नाही, क्रमाने आहे आणि नाही. पण दोन्ही एकदम एका शब्दात सांगा म्हटलं की उत्तर येतं ‘अवक्तव्य’, सांगता न येण्याजोगं. हे हात झटकणं नव्हे. प्रश्नाने दोन जागा एका शब्दात मागितल्या, म्हणून त्याला शब्द नाही. क्रमाने विचारलं तर उत्तर आहे. क्रमाने म्हणजे असं: निघताना ओल्यासाठीचं तेल, सांध्यात पुरेसं, बाहेर पुसून कोरडं. खिशात जुन्या सुती बनियनचा तुकडा आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं तेल. धूळ सुरू झाल्यावर भिगवण ते पळसदेवच्या दरम्यान चहाला थांबायचं तेव्हा चेन फडक्यात धरून पेडल उलटं फिरवायचं, फडकं काळं येईपर्यंत, मग पालटून पुन्हा. नवं तेल घालायची घाई नको. चेन आवाज करत असेल तरच. इंदापूर पार करून टेंभुर्णीला पंढरपूरचा फाटा घेतला आणि पाऊस पुन्हा लागला, तर बाटली आहेच.